अल्बम तयार होता, अडला तो अर्जात

आमच्या बँडचा पहिला अल्बम एकदाचा श्रोत्यांपर्यंत पोहोचला याचा आनंद आहेच. परंतु गाणी ऑनलाइन सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या वितरकाच्या तपासणी विभागाने त्याला ज्या रीतीने लोंबकळत ठेवले, त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही. नागपुरात बसून असा अल्बम काढू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा आणि माझ्याही मनातली वाफ थोडी निघावी, म्हणून हे लिहीत आहे.

आमचे संगीत ऑल्टरनेटिव्ह रॉकमधले, पण सुरेल वळणाचे आहे. कडव्याला स्वच्छ गिटार, ध्रुवपदाला डिस्टॉर्शनचा, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाचा, लोंढा, आणि चाल मात्र त्या लोंढ्याखाली कुठेही बुडू द्यायची नाही, हा आमचा आग्रह. गाण्याचे टेक शहराच्या महाल भागातल्या एका माडीवर ऐन मे महिन्यात झाले. बाहेर पारा 45 अंशांच्या आसपास, आणि मायक्रोफोन घरघर टिपतो म्हणून कूलर बंद. टेक संपला की आमचा गायक आधी ओला पंचा मानेवर टाकायचा आणि मगच टेक कसा झाला ते विचारायचा. मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचा व गळ्याचा मेळ बसवणे) आणि मास्टरिंग (तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवून त्याची आवाजाची पातळी ठरवणे) विनासायास पार पडले.

स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर आमच्यासारख्यांना थेट गाणी चढवता येत नाहीत. मध्ये वितरक लागतो. तो वर्गणी घेतो, गाण्यांच्या फाइली, मुखपृष्ठ आणि सगळी माहिती तपासतो आणि मग पुढे पाठवतो. आमचे घोडे याच तपासणीत अडले.

अल्बमचे नाव मुखपृष्ठावर देवनागरीत आहे. इतवारीत दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका काकांकडून ती अक्षरे आम्ही ब्रशने लिहवून घेतली होती. शिरोरेघेवर एके ठिकाणी रंगाचा ओघळ आहे आणि तोही आम्ही मुद्दाम तसाच ठेवला. अर्जात मात्र नाव रोमन लिपीत भरलेले होते, कारण रकान्याखालचा नमुनाच तसा होता. ‘मुखपृष्ठावरील मजकूर आणि नोंदवलेले नाव जुळत नाही’ असा शेरा मारून अल्बम परत आला. नियम म्हणून हे समजण्यासारखे आहे. आम्ही नाव देवनागरीत लिहिले, तर ‘नावात अमान्य अक्षरे आहेत’ म्हणून पुन्हा परत. पहिल्या शेऱ्याप्रमाणे वागावे तर दुसरा आडवा येतो, हे मदत कक्षाला कळवले, तेव्हा उत्तरात मुखपृष्ठाचे नियम जसेच्या तसे चिकटवून आले. मी अधिक सविस्तर लिहिले. उत्तर तेच, खालचे नाव तेवढे वेगळे. रोमन अक्षरांत नवे मुखपृष्ठ करून द्यावे, असेही एकाने सुचवले. त्या सूचनेने माझे डोके फिरले, कारण मराठी गाण्यांच्या अल्बमवर मराठी अक्षरे असणे हा दोष कसा ठरतो, हे विचारूनही त्याचे उत्तर कुणी दिले नाही.

दरम्यान प्रकाशनाचा शुक्रवार जवळ येत होता. 10 जुलै 2015 पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत रूढ झाली आहे, म्हणून आम्हीही शुक्रवार धरला होता आणि त्याच आठवड्यात लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात कार्यक्रम ठरवून फलकही छापले होते. कार्यक्रम झाला, लोकांनी उठून दाद दिली, आणि ‘अल्बम कुठे ऐकायचा?’ या प्रश्नाला आम्ही मंचावरून ‘लवकरच’ असे सांगून वेळ मारून नेली.

उलगडा झाला तो अर्जाच्या दुसऱ्या पानावर. तिथे भाषेचे दोन वेगळे रकाने असतात: गाणे कोणत्या भाषेत आहे हा एक, आणि नावे-माहिती कोणत्या भाषेत लिहिली आहे हा दुसरा. पहिल्यात मराठी निवडली तरी दुसऱ्यात इंग्रजी आपोआप भरलेली राहते, आणि ती तशीच असेल तर यंत्रणा देवनागरीला अमान्य अक्षरे समजते. दुसऱ्या रकान्यात मराठी निवडली, नाव देवनागरीत दिले, रोमन रूप त्यासाठी राखलेल्या वेगळ्या जागी टाकले, आणि अल्बम मुकाट पुढे सरकला. एवढी एक ओळ मदत कक्षातल्या कुणालाही लिहिता आली असती.

मास्टरिंगविषयी एक सांगायचे राहिले. आवाज चढवण्याच्या शर्यतीत पडू नये. स्पॉटिफाय सर्व गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) पातळीला आणून वाजवते, त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे तिथे खालीच ओढले जाते आणि कडवे व ध्रुवपद यांतला चढउतार तेवढा हरवतो. आमच्या शैलीचा तर तोच प्राण आहे.

एखादे गाणे आधी सुटे प्रकाशित केले असेल, तर अल्बममध्ये त्याच ध्वनिमुद्रणाला जुनाच आयएसआरसी क्रमांक द्यावा. हा 12 अक्षरांचा क्रमांक त्या ध्वनिमुद्रणाची ओळख असतो. तो बदलला तर आधीची श्रोतेसंख्या नव्या नोंदीशी जोडली जाण्याची खात्री राहत नाही. नवे मिक्स केले असेल तर मात्र क्रमांकही नवाच घ्यावा लागतो. तसेच बँडच्या जुन्या पानाचा दुवा अर्जात आठवणीने द्यावा, अन्यथा गाणी त्याच नावाच्या भलत्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसतात. आमचे एक सुटे गाणे परदेशातल्या एका नृत्यसंगीतवाल्याच्या पानावर बरेच दिवस पाहुणचार घेत होते.

स्वामित्वहक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही; कृती निर्माण होताच हक्क मिळतो. पुरावा म्हणून नोंदणी करायचीच असेल, तर गीत आणि चाल यांना प्रत्येकी 500 रुपये आणि ध्वनिमुद्रणाला 2000 रुपये शुल्क आहे, शिवाय हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते. त्याहून निकडीचे म्हणजे गीत कुणाचे, चाल कुणाची आणि वाटा किती, हे बँडमध्ये आधीच कागदावर लिहून सह्या करून ठेवणे. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचे (त्यांच्या वतीने मानधन गोळा करून वाटणारी संस्था) सदस्यत्व घेताना आणि गाणी नोंदवताना हेच वाटे विचारले जातात, आणि मैत्री कितीही घट्ट असली तरी ही चर्चा पैसे येऊ लागल्यावर करण्यात शहाणपण नाही.

प्रकाशनाची तारीख सांगण्यापूर्वी वितरकाची मंजुरी हातात असू द्यावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे विचारार्थ पाठवायचे तर ते किमान सात दिवस आधी त्यांच्या यंत्रणेत पोहोचलेले असावे लागते. आमची ती संधी या घोळातच गेली. अल्बम आता सगळीकडे ऐकायला मिळतो. एका ठिकाणी मात्र दोन गाण्यांची नावे अजूनही रोमनमध्येच दिसतात, त्याची तक्रार मी कालच नोंदवली आहे, आणि उत्तरादाखल मुखपृष्ठाचे नियम आले आहेत.