पावसात चरचरणारा माइक

“सकाळी चांगला चालतो दादा, पण पावसाची झड लागली की चरचरायला लागतो. आवाजही बारीक होतो.” बाईंनी एवढं सांगितलं आणि माझं निम्मं काम तिथेच झालं. माइकमधला पडदा फाटला असता तर माइक हवा बघून बिघडला नसता.

बाई निवृत्त शिक्षिका. अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. माइक ऑनलाइन मागवलेला, स्वस्तातला कंडेन्सर. जड नळकांडं, सोनेरी जाळी, आत ३४ मिलिमीटरची मोठी कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारी डबी. कॅप्सूल गेली, आता माइक टाकूनच द्या, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, “बाई, संध्याकाळपर्यंत राहू दे माझ्याकडे. उघडून बघतो.”

कॅप्सूलमध्ये सोन्याचा मुलामा दिलेला, काही मायक्रॉन जाडीचा पडदा असतो आणि त्यामागे भोकं पाडलेली धातूची चकती. दोन्ही मिळून साधारण ७० पिकोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे चार्ज धरून ठेवणारा भाग होतो. या माइकमध्ये त्याला फँटम पॉवरमधूनच, म्हणजे माइकच्या केबलमधून येणाऱ्या विजेतूनच चार्ज मिळतो, तोही एका गिगाओमच्या, म्हणजे शंभर कोटी ओहमच्या रेझिस्टरमधून. चार्जला पळायला वाट नसते, म्हणून पडदा हलला की व्होल्टेज हलतं आणि ते एफईटी नावाच्या ट्रान्झिस्टरच्या गेटवर, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या पायावर पोचतं. सगळा माइक या एका सांध्यावर उभा आहे. जिथे शंभर कोटी ओहमचा हिशेब चालतो, तिथे बोर्डावरचा ओलसर मळ तारेचं काम करतो.

मल्टिमीटर इथे हमखास चकवतो. कॅप्सूलवर प्रोब टेकवला की अर्धा व्होल्टही दिसत नाही, आणि कॅप्सूलला सप्लायच नाही असं वाटतं. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओम, म्हणजे एक कोटी ओहम. गिगाओमच्या पुढे तो जोडला की व्होल्टेजचा शंभरावा हिस्सा जेमतेम त्याच्या वाट्याला येतो. मी गिगाओमच्या अलीकडच्या टोकाला मोजलं. ४४ व्होल्ट, स्थिर. सप्लाय ठीक होता.

चिपळूणचा जुलै, पत्र्यावर पाऊस कोसळत होता. अशा वेळी माइक ऐकून तपासणं अशक्य. पण कॅप्सूल काढून तिथे ६८ पिकोफॅरडचा साधा कपॅसिटर लावला की माइक बहिरा होतो. बाहेर काहीही कोसळो, आत फक्त सर्किटचा स्वतःचा आवाज उरतो. नळकांडं बंद करून बॅटरीवरच्या रेकॉर्डरला जोडलं, म्हणजे मेन्सच्या गुणगुणीचाही संशय नको. चरचर तशीच होती. कॅप्सूल निर्दोष ठरली. मग नळकांडं काढून गेटच्या बाजूला तोंडाने वाफ सोडली, आणि हेडफोनमध्ये चरचर उसळली.

भिंगाखाली कारण दिसलं. गेटच्या पायाभोवती आणि गिगाओमच्या दोन्ही टोकांना सोल्डरिंगचा पिवळा फ्लक्स, म्हणजे डाग देताना लावतात तो राळेसारखा पदार्थ, तसाच राहिला होता. कारखान्यात बोर्ड धुवायचा खर्च वाचवला की असं होतं. कोरड्या हवेत तो गप्प असतो, कोकणातल्या पावसात ओल धरतो. मग चार्ज झिरपतो, आवाज बारीक होतो, आणि झिरपणं एकसारखं नसल्यामुळे चरचर ऐकू येते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड पुन्हा पुन्हा धुतला, कोमट हवेने सुकवला. पण नुसत्या धुण्यावर माझा भरवसा नाही, पुढच्या पावसाळ्यात धूळ आणि ओल पुन्हा बसणारच. म्हणून गेटचा पाय, गिगाओमची टोकं आणि कॅप्सूलकडून येणारा कपॅसिटर बोर्डावरून उचलून हवेतच एकमेकांना जोडले. हवेइतका चांगला इन्सुलेटर बोर्डाला कधी होता येत नाही. तो कपॅसिटर सिरॅमिक होता, टिचकी मारली की वाजायचा. त्याजागी पॉलिस्टायरीनचा बसवला. नंतर बोर्ड ओल्या फडक्यासोबत झाकणाच्या डब्यात ठेवला आणि जेवून आल्यावर ऐकलं. एक चरचर नाही.

तक्रार मिटली होती, तरी मला थांबवेना. बाईंनी मोबाइलवर ऐकवलेल्या पाठात ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत होते. ‘चमचा’, ‘चाक’, ‘जाळं’ असे शब्द मराठीत पावलोपावली येतात, आणि हे दंत्य उच्चार तर सुरीसारखे लागत होते. जी मुलं तासन्तास फक्त ऐकूनच अभ्यास करतात, त्यांच्या कानांना हे सोसायला लावणं मला बरोबर वाटेना.

या टोचण्यामागे जुनी गोष्ट आहे. नॉयमन कंपनीच्या १९६० च्या यू ६७ माइकमधली कॅप्सूल वरच्या पट्टीत, म्हणजे तीक्ष्ण आवाजांत मुद्दाम चढी होती, आणि तो चढ आतलं सर्किट पुन्हा खाली आणत असे. आजच्या कितीतरी स्वस्त माइकांनी तशी कॅप्सूल उचलली, पण सर्किट सरळ, काहीच न उतरवणारं. चढ तसाच राहतो. या माइकमधलं सर्किट ओळखीचं होतं. एफईटी सिग्नलचे दोन उलटे भाग करते आणि दोन ट्रान्झिस्टर ते पुढे ढकलतात. एफईटीच्या ड्रेन आणि सोर्स या बाकीच्या दोन पायांमध्ये फिल्म कपॅसिटर टाकला की वरची पट्टी हळूहळू उतरते. २२ नॅनोफॅरडने आवाज मंद, ब्लँकेटखालचा झाला. १० नॅनोफॅरडवर ठेवला. दहा किलोहर्ट्झला साधारण दोनेक डेसिबल कमी.

राहिलेलं काम लहान होतं. जाळी आणि नळकांडं जुळतात तिथला रंग खरवडला, कारण रंगामुळे जाळीला अर्थिंग मिळत नव्हतं आणि हात जवळ नेला की गुणगुण वाढायची. ट्रिमपॉट, म्हणजे फिरवून जुळवायचा रेझिस्टर लावून, सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या स्कोपवर साइन वेव्ह दोन्हीकडून सारखी कापली जाईल असा एफईटीचा बायस, म्हणजे तिचं स्थिर व्होल्टेज बसवलं.

संध्याकाळी बाई आल्या. पाऊस जरा उघडला होता. त्यांनी सातवीच्या इतिहासाचं एक पान वाचलं आणि हेडफोन लावून जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं. मग म्हणाल्या, “आता मुलं तक्रार करणार नाहीत.” मुलांनी तक्रार केली होती, हे मला तेव्हा कळलं.

मागे बारीकशी सळसळ अजून आहे. स्वतःची सळसळ कमी असलेली एफईटी टाकली तर ती आणखी उतरेल, पण वीतभर अंतरावरून वाचताना ती ऐकू येत नाही, म्हणून बाईंना तो खर्च करू दिला नाही. तोंडासमोर कापडी गाळणी लावा, श्वासाची वाफ पडद्यावर बसू देऊ नका, आणि काम झालं की माइक सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, एवढं सांगितलं. पुड्या माझ्याकडे पडून होत्या, त्याच दिल्या.