राजीनाम्याची मागची बाजू

10 ऑक्टोबर 2023, दुपारी चारचा सुमार. मी लोअर परळला करसल्लागार आहे. आमचा भागच असा की निम्मे अशील कबड्डीवाले. त्या दिवशी आलेला पोरगा बावीस वर्षांचा, डाव्या कोपऱ्यातला बचावपटू, ढोपराला टेप. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला कागद त्याने टेबलावर ठेवला. टाइप केलेला राजीनामा. एका कंपनीत खेळाडू म्हणून कंत्राटी नोकरी, महिना अठरा हजार.

"काका, प्रो कबड्डीच्या लिलावात आज नाव आहे माझं. डी गट, सगळ्यात खालचा, बेस प्राइस नऊ लाख. बोली लागली तर हा उद्या देऊन टाकतो. टॅक्स किती कापतील तेवढं सांगा."

दहा टक्के टीडीएस, म्हणजे नव्वद हजार. तो विषय तिथेच संपला. पण मला राहवेना. आदल्याच दिवशी, इथेच मुंबईत, चढाईपटू पवन सेहरावत 2 कोटी 60 लाख 50 हजारांना तेलुगू टायटन्स संघाकडे गेला होता आणि पोराच्या डोक्यात तोच आकडा घुमत होता. मी राजीनामा पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर मांडायला लागलो.

एका संघाची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्चायची मर्यादा, 5 कोटी. मालक कितीही गडगंज असो, वर एक रुपया देता येत नाही. त्यातले निम्म्याहून जास्त एकावर गेले. उरले 2 कोटी 39 लाख 50 हजार, आणि संघात कमीत कमी 18 जण हवेत. सतरा जणांत डोई चौदा लाख. म्हणजे मोठ्या खेळाडूचा चढा भाव मालकाच्या खिशातून येत नाही, सोबत्यांच्या ताटातून येतो. सेहरावतचा यात काडीचाही दोष नाही, त्याने तो भाव चढाया करून कमावलाय. पण डी गटाची नावं पुकारेपर्यंत पर्स तळाला गेलेल्या असतात. या पोरांचं किमान मानधन मर्यादेबाहेर ठेवावं, मालकांनी ते वेगळं द्यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

"नोकरी सोडू नकोस," मी म्हटलं. "बिनपगारी रजा माग. ढोपर गेलं तर पुढच्या सीझनला कोण विचारणार तुला?"

"आजोबा कबड्डीवरच गिरणीत चिकटले होते, काका. ब्याऐंशीच्या संपात नोकरीपण गेली आणि टीमपण. नोकरी तरी कुठे टिकते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा मागवला.

संध्याकाळी मोबाइलवर लिलाव बघताना त्याचं नाव आलं. बारा संघांची बारा टेबलं, एकही हात वर गेला नाही. पुढचं नाव पुकारलं. तो वाकला, ढोपराची सुटलेली टेप नखाने उचलून पुन्हा घट्ट बसवली.

"साडेसातला प्रॅक्टिस आहे," म्हणाला आणि जिना उतरून गेला. राजीनामा टेबलावरच राहिला, आकडेमोडीची बाजू वर.