तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट बघून मी काही का सांगत नाही

"तू पोटातल्या जिवाणूंच्या विषयात आहेस ना, मग माझ्या शौचाच्या चाचणीचा हा रिपोर्ट बघ आणि सांग, काय खाऊ, काय सोडू?" लग्नात, हळदीकुंकवाला, व्हॉट्सॲपवर पीडीएफ जोडून, कुठेही विचारतात. मी म्हणते, यावरून सांगता येत नाही. मग चेहरे पडतात, ही टाळते आहे असं वाटतं. मी टाळत नाही, म्हणून एकदाच नीट लिहिते.

आतड्यातल्या बहुतेक जिवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही. ते वाढवणं किचकट, म्हणून आम्ही शौचाच्या नमुन्यातून डीएनए काढून वाचतो. एक रीत सोळा-एस नावाच्या जनुकाची. हे जनुक सगळ्या जिवाणूंत असतं, डीएनएच्या साधारण १५०० अक्षरांचं. बऱ्याचदा त्याचा एक तुकडाच वाचला जातो. त्यातून जणू जिवाणूचं आडनाव कळतं, नेमका कोण ते कळत नाही. दुसरी रीत शॉटगन, म्हणजे नमुन्यातला सगळाच डीएनए वाचायचा. ती महाग आणि जास्त बारकाईची. पण दोन्हींच्या आधी पेशी फोडाव्या लागतात, आणि काही जिवाणूंच्या भिंती इतक्या जाड की बारीक मण्यांबरोबर जोरात हलवल्याशिवाय फुटत नाहीत. जे फुटले नाहीत ते रिपोर्टात कमी दिसतात. २०१७ साली त्याच त्या नमुन्यांवर डीएनए काढण्याच्या २१ पद्धती लावून पाहिल्या गेल्या. निकालात सगळ्यात मोठा फरक डीएनए काढण्याच्या या पायरीनेच पडत होता. शिवाय रिपोर्टातले आकडे टक्केवारीचे असतात. एक जिवाणू वाढला की बाकीचे जागच्या जागी असूनही कमी झालेले दिसतात.

हे सगळं मी माझ्या आत्यालाही सांगितलं होतं.

आत्या साताऱ्याकडची, साठी उलटलेली. पोट फुगतं म्हणून मुलाने ऑनलाइन किट मागवून तिची चाचणी करून घेतली. रिपोर्टात प्रिव्होटेला नावाचा जिवाणू लाल रंगात, शेजारी "दाहकारक, प्रमाण जास्त". मी गेले तेव्हा तिने ज्वारीची भाकरी आणि डाळ-उसळी सोडून दोन महिने होत आले होते. पातळ भात आणि ताक, एवढंच. मनगटं बारीक झाली होती. जेवायच्या वेळी नातू नेहमीसारखा तिच्या ताटाशी आला, तर तिने ताट मागे ओढलं. "त्याला नको, माझ्या पोटात वाईट जंतू निघालेत."

मी बसून समजावलं. म्हटलं, आत्या, धान्य-कडधान्य खाणाऱ्यांच्या पोटात हा असतोच. भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी माणसांचा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात भोपाळकडच्या शाकाहारी जेवणाऱ्यांत हाच ठळक होता. तुझी तुलना कुणाशी केली ते रिपोर्टात लिहिलेलंच नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो चांगला का वाईट, ते सांग."

मला एका शब्दात उत्तर देता आलं नाही. लाल रंग अगदीच हवेतून आलेला नव्हता. न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली संधिवात नुकताच सुरू झालेल्या रुग्णांत प्रिव्होटेला कोप्री, म्हणजे त्याचीच एक जात, जास्त सापडली होती. २०१५ मध्ये स्वीडनमध्ये उलटं दिसलं: बार्लीचा ब्रेड खाऊन ज्यांची रक्तातली साखर सुधारली, त्यांच्या पोटात प्रिव्होटेला जास्त होता. पुढे २०१९ मध्ये कळलं की कोप्री या एका नावाखाली निदान चार वेगळे गट आहेत. आत्याचा कुठला, ते तिच्या रिपोर्टातून कळत नव्हतं. मी हे सांगितलं तशी ती म्हणाली, "एवढी वर्षं शिकलीस, आणि ते किटवाले सांगतात तेवढंही तुला सांगता येत नाही?"

हे वाक्य मला अजून बोचतं, कारण पीएचडीच्या सुरुवातीला मीही कॉलेजांतल्या व्याख्यानांत म्हणायचे की काही वर्षांत शौचाची चाचणी रक्तातल्या साखरेसारखी घरोघरी होईल. माझ्यातली ती तरुण मुलगी आजही माझ्याशी भांडते. तिच्या हातात पुरावा आहे: नेदरलँड्समध्ये २०१३ साली क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे होणाऱ्या जुलाबांनी पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्या १६ जणांना निरोगी माणसाच्या शौचातले जंतू नळीने दिले, पहिल्याच वेळी १३ बरे झाले. मग जंतूंत काही नाही असं कसं म्हणतेस? मी तसं म्हणतच नाही. पण तिथे सगळा समूहच्या समूह दिला होता. त्यातल्या कुठल्या जिवाणूने काम केलं, हे टक्केवारीच्या यादीवरून ठरलं नव्हतं. तिला हे पुरत नाही. खरं सांगायचं तर काही दिवशी मलाही पुरत नाही. ज्याचं पोट रोज दुखतं त्याला "अजून थांबा" हे उत्तर कसं चालेल?

शौचात रक्त, वजन उतरणं, रात्री उठवणारे जुलाब असं काही असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे जा, हे मी प्रत्येकाला सांगते. त्याला कुणी उत्तर मानत नाही.

आत्या आता भाकरी खाते. नातवाला भरवत नाही. तिचा मुलगा फरक पडला का ते बघायला पुन्हा चाचणी करणार आहे. मी त्याला म्हटलं, करायचीच तर त्याच ठिकाणी कर आणि तुलना कुणाशी करता ते त्यांना लेखी विचार. त्या रिपोर्टाचाही अर्थ मी सांगणार नाही, हेही सांगून ठेवलं. त्याला ते पटलेलं नाही.