चिलगोज्याला थंडी चालते, ओल चालत नाही

हिमाचलातल्या किन्नौरमध्ये वांगतूपर्यंतचा प्रवास मी फारसा लिहिणार नाही. शिमला, नारकंडा, रामपूर, सतलजच्या काठाने धुरळा खात जाणारा रस्ता, आणि दरड कोसळली म्हणून तिष्ठत घालवलेली अख्खी दुपार. वांगतूच्या पुढे मात्र मी खिडकीला चिकटून बसले. तोवर डोंगर ओले, हिरवेगार, दाट झाडीचे होते. टापरी गेलं, करछम गेलं आणि उघडा करडा खडक दिसू लागला. पावसाळी ढग अलीकडच्या डोंगररांगांवरच रिते होतात; किन्नौरच्या या वरच्या भागात उरलंसुरलं शिंतडतं. इथलं खरं पाणी हिवाळ्यात बर्फ होऊन पडतं आणि उन्हाळ्यात वितळून हळूहळू जमिनीत मुरतं. चिलगोज्याचं, म्हणजे खायचे दाणे देणाऱ्या इथल्या पाइनच्या झाडाचं, सगळं आयुष्य या हिशेबावर उभं आहे, आणि मी गेले होते ते त्याच्यासाठीच.

कल्पाला, जवळजवळ तीन हजार मीटरवर, एका घरात उतरले. सप्टेंबर संपत आला होता. पहिल्या रात्रीच ओठ फुटले, नाकाच्या आत रक्ताच्या खपल्या धरल्या. दोरीवर टाकलेले मोजे जेवण होईस्तोवर कडक वाळले होते. घरच्या भाभीजींनी जर्दाळूच्या बियांचं तेल हातावर घातलं आणि म्हणाल्या, "नाकात बोट फिरवा, झोप लागेल." लागली. हिमालयातला पाहुणचार म्हणून जे काही हॉटेलांच्या जाहिरातीत लिहितात, त्यातलं काहीही या बोटभर तेलाची बरोबरी करू शकत नाही.

सकाळी त्यांचे दीर खालच्या पिओ (रेकाँग पिओ) गावाकडे उतरणाऱ्या जुन्या पायवाटेने मला झाडं दाखवायला घेऊन निघाले. डोक्यावर हिरव्या पट्टीची किन्नौरी टोपी, हातात लांब काठी. ते चिलगोज्याला नेओजा म्हणतात. पहिलं झाड दिसलं आणि मी थांबलेच. खोडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते, आणि खाली रुपेरी, पोपटी, फिकट तपकिरी असे ठिपके उघडे पडतात. हात लावला तर गुळगुळीत, थंड. सुया तीन-तीनच्या जुडीत, आखूड आणि ताठ. आणि मुळं? माती जवळजवळ नाहीच. खडकाच्या फटीत घुसलेली, उतारावर, जिथे पाण्याचा थेंब थांबत नाही.

हाच मुद्दा आहे. पाइन म्हटलं की आपण फक्त थंडी मनात धरतो. थंडी चिलगोजा सहज सोसतो: दिवस लहान होऊ लागले की झाड हळूहळू तयारीला लागतं, पेशींमधली साखर वाढते, गोठणारं पाणी पेशींच्या बाहेर राहतं, आणि शून्याखालच्या रात्री निभतात. त्याला सोसत नाही ती ओल. पाणी धरून ठेवणारी माती, दमट गरम हवा, यात मुळं कुजतात, कोवळी रोपं बुरशीने जमिनीलगत माना टाकतात. अफगाणिस्तानपासून पाकिस्तानातून किन्नौर-चंब्यापर्यंत, साधारण 1800 ते 3300 मीटरच्या पट्ट्यात, हा वृक्ष वाढतो तो कोरड्या दऱ्यांतच.

वाटेत एका फटीत तळहाताएवढं रोप दिसलं. दीरभाऊ गुडघ्यावर बसले, बोटाने त्याच्याभोवतीचे खडे बाजूला केले. असं रोप आता क्वचित दिसतं, म्हणाले. बिया सगळ्या बाजारात जातात, राहिलेल्या उंदीर-पाखरं नेतात, उगवलेलं शेळ्या खातात. तेवढ्यात मागून एक ग्रुप आला, मराठीत बोलणारा. त्यातल्या एका गृहस्थांनी रोप पाहिलं आणि उत्साहाने विचारलं, "हे मुळासकट निघेल का? पुण्याला बाल्कनीत लावतो."

मला संताप आला. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. हिवाळ्यात पहाट कितीही गार असो, दुपारी ऊन तीस अंशांच्या आसपास नेतंच. झाडाला विश्रांतीची जी लांब, गोठलेली झोप हवी ती तिथे कुठून मिळणार? हे मी त्यांना सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. दीरभाऊ मात्र शांतपणे एवढंच बोलले, "साहब, याला दाणा धरायला तुमचा मुलगा म्हातारा होईल." गृहस्थ गप्प झाले. रोप फटीतच राहिलं.

पुढच्या उतारावर कोन, म्हणजे दाणे पोटात असलेली पाइनची खवलेदार फळं, उतरवणं चालू होतं. माणूस झाडावर, हातात आकडी, खाली राळेने चिकट झालेल्या कोनांचा ढीग. एका कोनाला पिकायला दुसरं वर्ष उजाडावं लागतं. आणि कोनासाठी फांदीच तोडली, तर पुढल्या वर्षीचे लहान कोनही तिच्याबरोबर जातात. दीरभाऊंचं म्हणणं, गावकरी स्वतः उतरवतात तिथे फांद्या वाचतात, बाहेरच्या ठेकेदाराचे मजूर आले की वाचत नाहीत. झाडाझाडांवरचे ओरबाडलेल्या फांद्यांचे खुंट पाहिल्यावर मला ते पटलं.

तर माझी कळकळीची विनंती. पिओच्या बाजारात नेओजा घ्या, स्थानिक माणसाकडून घ्या आणि घासाघीस करू नका. तो दाणा कुणीतरी कड्यावरच्या झाडावर चढून काढलेला असतो. टरफलासकट घ्या. सोललेला दाणा आपल्या दमट हवेत लवकर खवट होतो, म्हणून घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. रोपं आणि कोन मात्र तिथेच राहू द्या.