दुसऱ्याच्या वायरिंगवर सही कोण करणार? : माझा अनुभव

घराचे वायरिंग करणारा ठेकेदार गावातच असेल आणि फोन उचलत असेल, तर टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा ठेकेदाराच्या सहीचा कागद, मिळवण्यात विशेष काही नसते. आमच्या कोकणातल्या घराचे वायरिंग ज्यांनी केले ते परवानाधारक होते, पण काम संपवून ते नोकरीसाठी आखाती देशात गेले आणि मागे त्यांच्या परवान्याची मुदतही संपली. पुढे वरच्या मजल्यावर दोन एसी आणि गिझर आल्यामुळे मंजूर भार सहा किलोवॉटपर्यंत वाढवून घेणे भाग पडले. अर्ज, घरपट्टीची पावती, ओळखपत्र हे सारे सुरळीत पार पडले. अडले ते टेस्ट रिपोर्टवर.

वीज कंपनीच्या कार्यालयाची मागणी चुकीची नव्हती. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर घरातले वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच आणि सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे, ही अट 1956 च्या वीज नियमांत होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षाविषयक विनियमांतही आहे. माझी चीड निराळ्या गोष्टीवर आहे. मला मिळालेल्या छापील नमुन्यात ‘काम कोणी केले’ याला जागा होती, पण ‘दुसऱ्याने केलेले काम मी तपासले’ असे लिहायला एक ओळसुद्धा नव्हती. वीजतंत्री परदेशी जातात, वृद्ध होतात, वारतात. हे नमुना तयार करणाऱ्याच्या ध्यानात कसे आले नसेल, हा प्रश्न मला आजही पडतो.

मग सुरू झाली ठेकेदारांची दारे ठोठावणे. पहिल्यांनी घर पाहिले, मुख्य बोर्ड उघडून पाहिला आणि स्पष्टच सांगितले, “साहेब, भिंतीत काय पुरलंय ते मला दिसत नाही. उद्या काही जळालं तर सही माझी आणि पाइप दुसऱ्याचे.” या उत्तराचा राग येण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की सगळ्या तारा उपसून नव्याने ओढू, तरच सही होईल. त्यांनी अंदाजपत्रकही लगोलग काढले, मात्र एकाही सर्किटचे माप घेतले नाही. सर्वांत अस्वस्थ केले ते तिसऱ्या गृहस्थांनी. ते घरी आलेच नाहीत. नाव आणि ग्राहक क्रमांक मोबाइलवर पाठवा, पैसे द्या, संध्याकाळी कागद घेऊन जा, इतका त्यांचा व्यवहार सोपा होता. ज्या घरात माझी आई आणि मुले झोपतात त्या घराची तार सुरक्षित आहे, असे तार न पाहिलेल्या माणसाने लिहून देणे मला मान्य नव्हते, आणि हाच रस्ता सर्वांत सोपा असावा याचा संताप अजून उतरलेला नाही. “कागदच हवाय ना तुम्हाला?” असे मला ओळखीच्या अनेकांनी विचारले. मला कागद हवा होताच, पण त्यावरचे आकडे खरे असायला हवे होते.

वाट दाखवली ती एका निवृत्त विद्युत पर्यवेक्षकांनी. त्यांचा सल्ला असा, की ठेकेदाराकडे जुन्या कामावर सही मागू नका, त्याला नवे काम द्या. मीटरपासूनची मुख्य तार, नवा वितरण बोर्ड, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे यंत्र), एसी आणि गिझरच्या स्वतंत्र लाइनी आणि नवे अर्थिंग, एवढे त्याने स्वतः करावे. जुन्या सर्किटांची चाचणी करून मापे तारखेसह वेगळ्या पत्रावर लिहावीत आणि ते पत्र रिपोर्टला जोडावे. कार्यालयातल्या अभियंत्यांना आधी भेटून ही मांडणी चालेल का, हे विचारून घेतले. त्यांनी होकार दिल्यावर पहिल्या, नकार देणाऱ्या ठेकेदारांकडेच मी परत गेलो. जो माणूस न पाहिलेल्याची जबाबदारी घेत नाही, त्याच्याच सहीला किंमत असते, असे माझे मत तोवर पक्के झाले होते.

इथे पत्नीने गिलाव्यापूर्वी काढलेले भिंतींचे फोटो कामी आले, याचा मला आजही अभिमान वाटतो. पाइप कुठून कुठे गेले आहेत हे त्यांत दिसत असल्यामुळे ठेकेदारांचा निम्मा संशय तिथेच फिटला. घर बांधणाऱ्या प्रत्येकाने हे फोटो काढून ठेवावेत.

मेगरने, म्हणजे तारांच्या इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, 500 व्होल्टवर चाचणी केली. फेज आणि अर्थ यांच्यामधील इन्सुलेशनचा रोध किमान एक मेगओहम भरावा लागतो. जिन्याबाहेरच्या दिव्याचे सर्किट तेवढे भरेना. पेटीत पावसाचे पाणी झिरपून जोड हिरवा पडला होता. तो बदलल्यावर माप सुधारले. चाचणीपूर्वी एलईडी दिवे, टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर सगळे सोडवून ठेवावे, कारण या व्होल्टेजने इलेक्ट्रॉनिक भाग बिघडू शकतात. एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला निघाला. जुन्या फ्यूजवर तो वर्षानुवर्षे गुपचूप चालला, पण त्यातले एकच सर्किट आरसीसीबीमागे येताच त्या जोडामुळे आरसीसीबी सारखा बंद पडू लागला. अर्थिंगने मात्र दमवले. आमच्याकडे जांभा दगड, त्यात मे महिना. कोरड्या जांभ्यात अर्थच्या रोधाचे माप खाली येईना, म्हणून अर्थिंगचा खड्डा ओलसर जागी, विहिरीच्या बाजूला हलवावा लागला. पावसाळ्यात घेतलेले अर्थचे माप चांगले दिसते आणि उन्हाळ्यात उघडे पडते, तेव्हा हे माप उन्हाळ्यातच घ्यावे.

यानंतर पाहणी झाली, भार मंजूर झाला. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: ठेकेदार ठरवण्यापूर्वी त्याच्या परवान्याची प्रत मागून त्यावरील मुदत स्वतः वाचावी आणि पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राचीही. शेवटचा हप्ता मापांचे पत्र हातात पडेपर्यंत देऊ नये. आणि कोणता एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) कोणत्या खोलीचा, हे बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ठेकेदाराकडूनच लिहून घ्यावे; आमच्यांनी ते आधी टाळले होते, पण मी शिडी धरून उभा राहिल्यावर लिहिले.