रात्री तीनची ओली गादी आणि वातीची गोष्ट

गेला दीड महिना आमच्या घरात एकच विषय चाललाय, डायपर गळतो. पिल्लू आता १९ महिन्यांचा, वजन साडेअकरा किलो, आणि रात्री अडीच-तीनच्या सुमारास रडत उठतो, हात लावला की बनियान ओलं, पाठ ओली, दुपटं ओलं, आणि खाली गोधडीपण ओली. त्यात पुण्यातला जुलै, दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, सगळ्या घरात दमट वास. एका आठवड्यात चार वेळा असं झालं आणि चौथ्या रात्री जी गोधडी भिजली ती सासूबाईंनी स्वतः शिवलेली होती, त्यांच्या आईचं नऊवारी लुगडं आणि स्वतःच्या दोन साड्या लावून, पिल्लू पोटात होता तेव्हा रोज दुपारी बसून धावदोरा घालत घालत. ती बादलीत बुडवताना मला खरंच रडू आलं. मशीनला टाकायचा धीर होईना, हाताने धुतली, पिळता येत नाही इतकी जड होते ती, मग बाथरूमच्या दांडीवर निथळत ठेवली आणि पुढचे चार दिवस पंख्याखाली.

खालच्या मजल्यावरच्या एक काकू म्हणाल्या, "तुला नीट घालता येत नसेल गं." वाईट वाटलं. कारण दीड वर्ष रोज पाच-सहा वेळा हेच करतेय आणि अजून येत नाही म्हणजे काय! पण आता सगळं निस्तरल्यावर वाटतं की यात कुणी नीट शिकवतच नाही. रात्री तीनला मांडीवर पोर घेऊन मोबाईलवर शोधावं तर सगळीकडे एकच उत्तर, साइज वाढवा. ते अर्धंच आहे, आणि आमच्याकडे तर उलटच पडलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या पाकिटावर एम म्हणजे ७ ते १२ किलो आणि एल म्हणजे ९ ते १४ किलो. म्हणजे ९ ते १२ किलोचं पोर दोन्हीत बसतं, मग घ्यायचं कुठलं? मी एल आणला. तर पाठीकडचं गळणं होतं तसंच राहिलं आणि वर मांडीतून गळायला लागलं, कारण पिल्लू उंच आहे पण मांड्या काटक, एलचं इलास्टिक मांडीला टेकतच नव्हतं. वजन हा फक्त अंदाज असतो हे मला तेव्हा कळलं, खरं बघायचं ते मांडी आणि कंबर. मी आता असं बघते की मांडीच्या इलास्टिकखाली माझं एक बोट जेमतेम सरकलं पाहिजे, आणि डायपर काढल्यावर फिकट वळ दिसून थोड्या वेळात गेला तर ठीक, पण लाल होऊन काचलेलं असेल तर साइज लहान पडतोय. आम्ही परत एमवर आलो आणि मांडीतलं गळणं तिथेच थांबलं.

त्यातच दुसरी एक गोष्ट, जी मला दीड वर्ष माहीतच नव्हती. मांडीजवळ बाहेरच्या इलास्टिकच्या आत अजून एक पातळ झालर असते, दोन्ही बाजूंना उभी. ती बांधासारखी उभी राहायला हवी. पँटसारखा चढवायचा डायपर असेल आणि पोर पाय झाडत पळत असेल तर वर ओढताना ती झालर आत दुमडते, आणि दुमडली की शूला बाहेर यायला सरळ वाट मिळते. आता डायपर चढवला की मी दोन्ही मांड्यांना आतून बोट फिरवून झालर बाहेर काढते, पाच सेकंदांचं काम. पातळ शी झाली तरी यानेच वाचतं बरंच.

मग एका रविवारी मी आणि नवऱ्याने एक कोरा डायपर घेऊन सिंकमध्ये प्रयोग केला. आत कापसात मिसळलेली पांढरी बारीक पूड असते, सोडियम पॉलिअॅक्रिलेट, ती पाणी पिऊन फुगते आणि जेलीसारखी होते, आणि एकदा जेली झाली की साधं दाबून पाणी परत सुटत नाही. साधं पाणी ती स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पिऊ शकते पण पाण्यात मीठ असलं की खूप कमी, आणि शूमध्ये क्षार असतातच. आम्ही अर्धा कप पाणी हळूहळू ओतलं, सगळं आत गेलं. मग दुसऱ्या डायपरवर तेवढंच पाणी एकदम ओतलं तर अर्धं वरून वाहून बाजूने बाहेर! म्हणजे डायपर भरलेला नव्हताच, त्याला प्यायला वेळ मिळाला नव्हता. रात्री नेमकं तेच होतं, पोर तीन-चार तास गाढ झोपतं आणि मग एकदम खूप शू करतं, आणि तीही ज्या कुशीवर झोपलंय त्याच बाजूला वाहते, बाकीचा डायपर कोरडा. सकाळी काढल्यावर तुम्हीपण बघा, एका बाजूला टम्म फुगलेलं आणि दुसरी बाजू तशीच.

म्हणून मी आधी ओल कुठे आहे ते बघायला लागले. पोटापाशी ओलं म्हणजे पोर पालथं झोपतंय, किंवा मुलगा असेल तर डायपर घालताना शूची जागा वरच्या दिशेला राहिलीये, ती खाली करून मगच डायपर वर ओढायचा. कमरेच्या एका बाजूला ओलं म्हणजे कूस. मांडीला ओलं म्हणजे झालर नाहीतर साइज. पण आमचं कोडं वेगळंच होतं, ओल होती पाठीवर, पार खांद्याच्या खालपर्यंत, आणि पिल्लू झोपतो कुशीवर. शू खालून वर चढेल कशी?

ते सोडवलं सासूबाईंनी. त्या कराडहून आल्या होत्या, श्रावण जवळ आलेला म्हणून दुपारी कापूस घेऊन वाती वळत बसायच्या. मी पिल्लूला झोपेसाठी तयार करत होते, बनियान खाली ओढलं आणि नेहमीसारखं डायपरमध्ये खोचलं, पावसात पोटाला गार लागू नये म्हणून. त्या हातातली वात तशीच धरून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हे काय करतेस? हे तर वातीसारखं ओढणार. तेल खाली असतं आणि ज्योत वर, वात काय करते मग?"

मी अक्षरशः थांबले. समईतली वात तेल जशी वर ओढते तसंच ते सुती बनियान डायपरमधली ओल वर ओढत होतं, आधी कमरेशी, मग पाठ, मग दुपटं, मग गोधडी. त्या रात्री बनियान बाहेर ठेवलं, डायपरची कड आत दुमडली नाहीये ना ते बोटाने चारी बाजूंनी तपासलं, आणि पाठ कोरडी. दुसऱ्या रात्रीपण कोरडी! मी सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात जाऊन आईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "आम्ही लंगोटावर वाढवली गं तीन पोरं, दर तासाला बदलायचो, तेव्हा ओल कुठून कुठे जाते ते हातालाच कळायचं."

एवढं करूनही आठवड्यातून एखाद-दोनदा गळायचंच, तेव्हा डॉक्टरांना विचारलं. पिल्लू साडेदहाला बाटलीभर दूध पीत पीत झोपायचा. ते म्हणाले दूध आधी द्या, जेवणासोबत, आणि त्यानंतर दात पुसून किंवा घासून झोपवा, कारण तोंडात दूध ठेवून झोपण्याने दात किडतात. दिवसाचं पाणी मात्र अजिबात कमी करायचं नाही असं बजावलं. आणि एक गोष्ट सांगितली ती मी इथे मुद्दाम लिहितेय, की पोराला अचानक खूप तहान लागायला लागली, शू खूप वाढली आणि वजन उतरतंय असं वाटलं तर डायपरला दोष देत बसू नका, ताबडतोब दाखवा, लहान मुलांनापण शुगर होते. तसंच शू करताना रडत असेल किंवा तापासोबत शूला घाण वास येत असेल तर इन्फेक्शन असू शकतं. आणि उलटं, सहा-आठ तास डायपर कोरडाच असेल तर पाणी कमी पडतंय, जुलाब-उलट्या चालू असतील तर अजिबात थांबू नका.

दुधाची सवय मोडायला बारा दिवस लागले, त्यातले पहिले चार फार अवघड गेले, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

रात्रीसाठी आता मी टेपवाला डायपर घेते, म्हणजे कमरेला चिकटपट्ट्यांनी बंद होणारा. दिवसा पळणाऱ्या पोराला पँट्सच बरा पडतो, पण रात्री साडेअकराला मी स्वतः झोपायच्या आधी एकदा बदलते आणि टेपवाला असला की पोराला उभं न करता, नाईटलॅम्पच्या उजेडात दोन मिनिटांत होतं, तो कूसपण बदलत नाही. गादीवर थर असे लावते, ड्राय शीट (ओल खाली जाऊ न देणारी चादर), त्यावर दुपटं, त्यावर परत ड्राय शीट, परत दुपटं. भिजलंच तर वरचे दोन ओढून काढायचे, खाली अंथरूण तयार. ही युक्ती पाळणाघरातल्या ताईंची, त्यांचे उपकार.

कापडी डायपरपण आहेत आमच्याकडे सहा, दिवसा घरी तेच वापरतो. ते गळतात त्याची कारणं वेगळी. आतले पॅड नवीन असताना फारसं पीतच नाहीत, चार-पाच वेळा धुतल्यावर खुलतात. आणि मी कपड्यांना छान वास यावा म्हणून घालतात ते कंडिशनर त्यांच्या धुण्यात घालायचे, त्याचा थर बसतो आणि कापड पाणी घेईनासं होतं, पाण्याचा थेंब पॅडवर टाकला तर मोत्यासारखा वरच राहायचा. रॅशच्या क्रीमनेही तेच होतं, म्हणून क्रीम लावलेलं असेल तेव्हा मध्ये एक सुती फडकं ठेवते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं तेव्हा साबण नीट निघत नाही, मग गरम पाण्यात नुसतेच दोनदा खळबळून काढायचे, फेस येईनासा होईपर्यंत.

वापरलेल्या डायपरबद्दल एक मनापासून. गळतीच्या दिवसांत आमच्याकडे दिवसाला आठ-आठ निघायचे आणि मी घाईत तसेच पिशवीत कोंबून द्यायचे. एके सकाळी दारात कचरा घ्यायला येणाऱ्या ताई पिशवी उघडून हाताने वेगळं करताना दिसल्या आणि मला फार लाज वाटली. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक कितीतरी वर्षं सांगतायत की डायपर आणि पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे त्यांना न उघडता कळतं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही ते गुंडाळूनच द्यायचं लिहिलं होतं. आता शी आधी संडासात टाकते, डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच टेपने बंद करते, पेपरात बांधते, आणि लाल स्केचपेन दाराजवळच दोरीने टांगून ठेवलंय.

आज सलग एकविसावी रात्र कोरडी गेली. आई कराडला परत गेल्यात, पण रोज सकाळी सातला फोन येतो आणि पहिला प्रश्न, "कोरडा का गं?" गोधडी धुऊन, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कपाटात ठेवलीये. काढ की आता, असं त्या कालच म्हणाल्या. मी म्हटलं पाऊस संपू दे आई, ऑक्टोबरचं ऊन पडलं की काढते.