जिरणं, मुरणं वगैरे

पुतणी बारावीला आहे. परवा ओसरीवर इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसली अन् म्हणाली, "काकाजी, ॲसिमिलेट म्हंजे काय जी?" मी ऐटीत सांगितलं, आत्मसात करणं. तिनं लिहून घेतलं अन् विचारलं, "आत्मसात म्हंजे?"

झाली पंचाईत. मग मुळापासून सुरुवात केली. लॅटिनात 'सिमिलिस' म्हणजे सारखा. त्याच्या आधी 'ॲड' लावलं की आपल्यासारखं करून घेणं. गंमत म्हणजे त्या 'ॲड'मधला 'ड' शेजारच्या 'स'च्या संगतीनं स्वतःच 'स' झाला. भाषाशास्त्रात या प्रकारालाही तेच नाव. आपल्याकडं प्राकृतात सप्तचं सत्त झालं, ते असंच.

अन्न अंगी लागणं, धडा डोक्यात बसणं, परका माणूस गावचाच होऊन जाणं, इंग्रजी सगळं एका क्रियापदात भागवते. आमच्या वावरात एवढ्यानं भागत नाही. मिरगाचं पहिलं पाणी काळ्या मातीच्या भेगांतून गटागटा खाली जातं, ते जिरणं. पुढं माती फुगते, भेगा मिटतात, अन् तेच पाणी कापसाच्या पऱ्हाटीत तुंबून राहतं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' भिंतीवर लिहिलेलं असतंच, पण त्याच भिंतीला टेकून कोणी "त्याची चांगली जिरवली" म्हणालं, तर पाण्याचा काही संबंध नसतो.

मुरणं मात्र वेगळं. जिरलेलं पाणी पुन्हा दिसत नाही. लोणच्यातली फोड कैरीचीच राहते. मीठ-तिखट तिच्यात शिरतं अन् तिचा आंबटपणा खारात उतरतो. दोघंही बदलतात. इंग्रजी शब्दात हे दुसरं अंग मला सापडत नाही.

वहिनी जबलपूरकडची. तसा 1956 पर्यंत आमचा विदर्भही मध्य प्रदेशातच होता, पण लग्नात हे कोणी ध्यानात घेतलं नाही. आली तेव्हा कोथिंबिरीसाठी 'धनिया' मागायची अन् आई धने द्यायची. आता बाजारात बिनधास्त "सांबार कसा दिला?" विचारते. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. इकडं आई शेजारणीशी भांडताना "चल हट" म्हणते. ते कुठून आलं?

"मंग पेपरात काय लिहू?" पुतणीनं विचारलं.

"आत्मसातच लिही. मार्क त्यालेच भेटतात."

आतून वहिनी ओरडली, "ते नंतर लिव्ह. पहिले बरणीचा दादरा सोड अन् लोणचं हलव!"